कोबी-फ्लॉवरच्या पानांना भोकं पडतायत? आधी पान उलटं करून बघा

नमस्कार मंडळी. थंडी सुरू झाली की आमच्या नर्सरीतून कोबी, फ्लॉवर, नवलकोलची रोपं नेलेले लोक महिन्याभरात हातात पान घेऊन परत येतात, गंगापूर रोडला गच्चीवर दहा कुंड्या लावणारे पण आणि दिंडोरीकडं वीस गुंठे करणारे पण, आणि सगळ्यांचं एकच, वरून तर काही दिसत नाही मग खातंय कोण? म्हणून रोपांसोबत हा कागद देतोय, प्लीज वाचा.

हा चौकोनी ठिपक्याचा पतंग, शेतकरी डीबीएम म्हणतात तोच. जेमतेम सेंटीमीटरभर, करडा, पंख मिटून बसला की पाठीवर शंकरपाळ्यांची फिकट ओळ दिसते. खाते ती त्याची अळी. फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती, पानाच्या खालच्या बाजूला बसलेली असते, काडीने हळूच डिवचा, वळवळत मागं सरकेल आणि धाग्याला लटकून खाली उतरेल, असं झालं की समजा हीच. खालून खरवडते पण वरचा पापुद्रा तसाच ठेवते, पान उजेडात धरलं की बटर पेपर लावल्यासारखे डाग दिसतात, भोकं नंतर पडतात.

आता कळकळीने सांगतो, तेच ते औषध डबल डोसने मारू नका. ही कीड औषधाला फार लवकर सरावते, जावा बेटावर 1953 सालीच तिने डीडीटी पचवल्याची नोंद आहे. शिवाय अळीच्या अंगात अंडी घालून तिला मारणारी बारीक गांधीलमाशी असते, ती आपली मित्र, फवाऱ्यात आधी तीच मरते.

त्यापेक्षा रोपं लावायच्या पंधरा दिवस आधी बाजूला मोहरी टाका, पतंग अंडी घालायला तिकडं जातो, मोहरीवर अळ्या दिसल्या की ती उपटून नष्ट करा. मोजक्या कुंड्या असतील तर रोज सकाळी हाताने वेचणं बेस्ट. फवारायचंच तर 50 ग्रॅम निंबोळी कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून पाणी घालून एक लिटर करा, थोडा साबण टाका कारण कोबीचं पान मेणचट, नुसतं पाणी घरंगळून जातं. संध्याकाळी मारा, आणि पानाच्या खालून मारा, वरून मारून काही उपयोग नाही.

तरी ओळख पटत नसेल तर पान पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून दुकानात आणा, उघडं नको, आमच्या ट्रेमधली रोपं कोवळी असतात.