कार्ब्युरेटर गळतो तेव्हा दोष बहुधा झडपेचा असतो

जुन्या एमजीबीच्या बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला आणि कार्ब्युरेटरचं फ्लोट चेंबर (पेट्रोल साठवणारा छोटा कप्पा) ओलं दिसलं, की पहिला हात झाकणाखालच्या गॅस्केटकडे जातो. नवं गॅस्केट बसतं, त्यावर सिलंट फासलं जातं, झाकणाचे तीन स्क्रू आवळले जातात आणि चार दिवसांत चेंबर पुन्हा ओलं होतं. फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलची पातळी झाकणाच्या सांध्याच्या बरीच खाली असते. सांधा ओला झाला याचा अर्थ पेट्रोल नको तितकं वर चढलं. ते का चढलं, हे शोधायला हवं.

एमजीबी ही 1962 ते 1980 या काळात बनलेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार. आपल्या अ‍ॅम्बेसेडरला होतं त्याच बी-सीरिज घराण्यातलं इंजिन, इथे 1798 सीसीचं. सुरुवातीच्या गाड्यांना एसयू कंपनीचे दोन एचएस-4 कार्ब्युरेटर असत. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली धूर बाहेर नेणारा, तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. म्हणून मध्ये पत्र्याची हीट शील्ड असते आणि ओव्हरफ्लोच्या नळ्या पार खालपर्यंत नेलेल्या असतात. त्या जागेवर आहेत ना, हे सर्वांत आधी बघा.

पातळी राखण्याचं काम फ्लोट (तरंगणारा गोळा) आणि नीडल व्हॉल्व्ह (सुईची झडप) करतात. गच्चीवरच्या टाकीतल्या बॉल-कॉकसारखंच हे तंत्र, पण इथली बलं फार चिमुकली आहेत. पंपाचा दाब साधारण 3 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 210 ग्रॅम. सुई जिथे टेकते त्या सीटचं छिद्र 2.5 मिमी धरलं, तर क्षेत्रफळ 0.05 चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. म्हणजे सुईला खाली ढकलणारं बल जेमतेम 10 ग्रॅम! ते अडवायला फ्लोटची तरंगण्याची ताकद आणि तिला वाढवणारी पट्टीची तरफ पुरते, पण शिल्लक फारशी उरत नाही. कुणी 6 पीएसआयचा इलेक्ट्रिक पंप बसवला की तेच बल 20 ग्रॅम होतं. मग फ्लोटला आणखी बुडावं लागतं, पातळी चढते, आणि कालपर्यंत ठीक असलेली सुई आज गळू लागते. फ्लोटला बारीक चीर जाऊन आत पेट्रोल शिरलं तरी परिणाम तोच. फ्लोट कानाशी धरून हलवा, आत खळखळ ऐकू येते.

तपासणी थंड इंजिनावर करा. अग्निशामक हाताशी आणि एलईडी बॅटरी असू द्या. बाहेरून सगळं पुसून कोरडं करा. इग्निशन कॉइलची लो-टेन्शन वायर काढून ठेवा, नाहीतर इंजिन बंद असताना कॉइल तापते. दोन्ही ओव्हरफ्लो नळ्यांखाली एकेक काचेची बाटली ठेवून किल्ली फिरवा. एसयूचा पंप टकटक करत चेंबर भरतो आणि मग थांबतो. टकटक चालूच राहिली आणि एका बाटलीत धार आली, तर त्याच बाजूची सुई बंद होत नाहीये. झाकणावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. धार थांबली तर सुई अडकली होती किंवा सीटवर कचरा आहे. हा कचरा बहुधा टाकीतला गंज किंवा जुन्या होजचं आतून सुटलेलं रबर असतो.

झाकण काढल्यावर सुईचं टोक भिंगाखाली धरा. शंकूवर गोल चकचकीत वळ उमटला असेल तर सुई आणि सीट जोडीनेच बदला. नंतर झाकण उलटं करून फ्लोटची पट्टी आणि झाकणाची कड यांतलं अंतर मोजा. नायलॉन फ्लोटसाठी ते 3.2 ते 4.8 मिमी हवं, म्हणजे 1/8 इंचाचा ड्रिल बिट सहज सरकायला हवा. अंतर कमी असेल तर पातळी उंच राहते. पट्टी धातूची असेल तर ती किंचित वाकवा, अखंड प्लॅस्टिकची असेल तर सीटखाली वॉशर घाला.

आता दुसरी गळती. इग्निशन बंद केल्यावरही थेंब पडतच असतील, तर पंपाच्या दाबाचा संबंध नाही. चेंबर आपल्याच उंचीने रिकामं होतंय. तिथे फ्लोट चेंबरपासून जेटकडे (पेट्रोल हवेत सोडणाऱ्या छिद्राकडे) जाणारी नायलॉनची नळी बघा. नळीचं टोक ग्लँडच्या (नळीवरच्या रबरी वॉशरच्या) पुढे किमान 5 मिमी हवं, तरच वॉशर तिला नीट कवळतो. नट जोर लावून पिळला तर नळीच चेपते. चोक ओढला की जेट खाली सरकतं आणि नळी हलते, म्हणून चोक आत-बाहेर करून पाहा. जेटच्या डोक्याशी गेलेली चीर तेव्हाच उघडी पडते.

पेट्रोल लाइनवर बांधायची चुंबकं आणि ‘सील पुन्हा मऊ करणारी’ बाटलीतली औषधं यांचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नाही. चुंबक सुईवरचा वळ भरून काढत नाही. इथेनॉलची काळजी मात्र खरी आहे. ब्रिटनमध्ये 2021 पासून ई-10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आणि भारतात आता ई-20 (20 टक्क्यांपर्यंत) पेट्रोल मिळतं. जुन्या प्रकारचं रबर त्यात फुगतं आणि पुढे चिरतं. होज बदलताना इथेनॉल सोसणारा घ्या.

एक प्रकार उरतो. टकटक थांबत नाही, पण दोन्ही बाटल्या कोरड्या आणि इंजिनभर कुठेही ओल नाही. अशा वेळी कार्ब्युरेटर उघडू नका. एमजीबीचा पंप मागे, टाकीजवळ असतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत तो हवा ओढत असेल किंवा त्याचा आतला व्हॉल्व्ह पेट्रोल मागे सोडत असेल. आधी टाकीकडची जोडणी आवळा आणि मग पुन्हा ऐका.