पीक विमा संशोधनाची पार्श्वभूमी : नुकसान मोजायचे कसे?

पीक विम्यावरील संशोधन गेली शंभर वर्षे एका प्रश्नाभोवती फिरत आले आहे : शेतकऱ्याचे नुकसान कशावरून ठरवायचे? प्रत्येक शेताची पाहणी खर्चिक असते. शिवाय ज्यांच्या जमिनीला धोका अधिक तेच प्रामुख्याने विमा घेतात आणि हप्त्यांपेक्षा भरपाई वाढत जाते.

म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी 1920 मध्येच पर्जन्यमानावर आधारित विम्याची योजना मांडली होती. अमेरिकेत 1938 मध्ये सरकारी पीक विमा सुरू झाला, आणि त्याच्या अनुभवानंतर कृषी अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॅलक्रो यांनी 1949 मध्ये भरपाई परिसराच्या सरासरी उत्पादनावरून ठरवावी असे सुचवले. भारतात गुजरातमधील एच-4 या संकरित कापसाच्या वैयक्तिक (शेतकरीनिहाय नुकसान मोजणाऱ्या) विम्याचा 1972 पासूनचा प्रयोग तोट्यात गेला. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी 1976 मध्ये क्षेत्राधारित, म्हणजे परिसराच्या सरासरीवर चालणाऱ्या पद्धतीची बाजू मांडली, तिच्यावर 1979 ची प्रायोगिक योजना आणि 1985 ची सर्वंकष योजना उभी राहिली. महाराष्ट्रात आजही महसूल मंडळनिहाय पीक कापणी प्रयोगांवर (निवडक शेतांतील पीक कापून केलेल्या उत्पादनाच्या मोजणीवर) भरपाई ठरते ती याच विचारामुळे, आणि दांडेकरांचे हे ऋण फारसे बोलले जात नाही.

2003 नंतर हवामान निर्देशांकावरील विम्याचे, म्हणजे शेत न पाहता पावसासारख्या नोंदींवरून भरपाई देणाऱ्या विम्याचे प्रयोग वाढले, तसा अभ्यासाचा रोख शेतकऱ्याच्या निर्णयाकडे वळला. भारतातील पर्जन्य विम्याच्या 2008 मधील एका अभ्यासात धोका टाळू पाहणारी कुटुंबेच विमा कमी घेताना आढळली. अर्थशास्त्रज्ञ डॅनियल क्लार्क यांनी 2016 मध्ये याची तर्कसंगती दाखवली : पर्जन्यमापकावर पाऊस पुरेसा नोंदला गेला आणि स्वतःचे पीक मात्र वाळले, तर शेतकऱ्याचे पीकही जाते आणि भरलेला हप्ताही जातो. शेतकरी विमा नाकारतो तो अज्ञानामुळे, हा समज या मांडणीने खोटा ठरवला, आणि माझ्या मते या क्षेत्रातील हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे. केनियातील ऊस उत्पादकांच्या 2018 च्या अभ्यासात हप्ता आगाऊ मागितल्यावर केवळ 5 टक्के शेतकऱ्यांनी विमा घेतला. तोच हप्ता काढणीच्या वेळी कापून घ्यायचा ठरल्यावर हे प्रमाण 72 टक्क्यांवर गेले.

सध्याचे बरेच काम उपग्रह प्रतिमांवरून उत्पादनाचा अंदाज बांधण्यावर चालू आहे. लहान तुकड्यांत आणि मिश्र पिकांत हे अंदाज डळमळतात, आणि ते पडताळायला प्रत्यक्ष शेतातील कापणीचेच आकडे लागतात.