आमवाताने वाकलेल्या बोटांचं ऑपरेशन आणि त्यानंतरचा स्प्लिंट

ऑपरेशनची तारीख ठरल्यावर स्प्लिंटचं, म्हणजे बोटं योग्य जागी धरून ठेवणाऱ्या आधाराचं, माप द्यायला आलेले लोक आम्हा स्प्लिंट बनवणाऱ्यांना बरंच काही विचारतात. त्यांच्यासाठी हे पत्रक.

आमवातात सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं. सूज वर्षानुवर्षं राहिली की कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, झिजते, सांध्याचे बंध सैल पडतात आणि बोटं मुळापासून करंगळीकडे कलतात. लाटणं धरवत नाही, शर्टाचं बटण लागत नाही.

एक खूण विसरू नका. करंगळी एकाएकी वर उचलता येईना, तर मनगटाच्या खरबरीत हाडावर घासून तिचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटलेला असू शकतो. फारसं दुखत नाही, म्हणून माणूस थांबतो आणि मग शेजारच्या बोटाचाही टेंडन तुटतो. असं झालं तर हँड सर्जनकडे लगेच जा. एकच तुटला असेल तर शेजारच्या टेंडनला जोडता येतो, तीन-चार तुटल्यावर काम फार अवघड होतं.

बोटांच्या मुळाचे सांधे पार गेले असतील तर तिथे सिलिकॉनचे बसवतात. अमेरिकेतल्या डॉ. आल्फ्रेड स्वॉन्सन यांनी ते 1960च्या दशकात आणले. मनगट बिघडलेलं असेल तर बहुधा आधी मनगट करतात. दुखणं कमी होतं, बोटं सरळ दिसतात, पण मुठीची ताकद फारशी वाढत नाही. अंगठ्याचा सांधा जखडायचा, म्हणजे हाडं जोडून कायमचा पक्का करायचा, म्हटलं की लोक घाबरतात. खरं तर त्यानेच चिमटीत जोर येतो.

नव्या सांध्याभोवती शरीर स्वतःचं आवरण तयार करतं आणि बोट जसं धरलेलं असेल तसंच ते घट्ट होतं. म्हणून पहिले साधारण 6 आठवडे दिवसा तारेच्या कमानीचा स्प्लिंट लागतो. तुम्ही बोटं वाकवता, रबर त्यांना परत वर आणि अंगठ्याकडे ओढतं. रात्रीचा साधा स्प्लिंट बहुधा 3 महिने असतो. या दिवसांत कंटाळा केलात तर बोटं पुन्हा कलतात, आणि ते बघताना आम्हालाही वाईट वाटतं.

सूज उतरली की स्प्लिंट ढिला होतो, तेव्हा परत या. त्याचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ पडतं, म्हणून तो उन्हातल्या गाडीत ठेवू नका. स्प्लिंट काढल्यावर लाल वळ 20 मिनिटांत गेला नाही तर आम्हाला फोन करा. बोट निळसर किंवा बधिर झालं तर पट्टे सैल करून थेट डॉक्टरांना गाठा.

ऑपरेशनआधी स्टिरॉइडच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आमवातासाठी बायोलॉजिक प्रकारचं इंजेक्शन घेत असाल तर ते कधी थांबवायचं, हे तुमच्या आमवाताच्या डॉक्टरांना विचारा. मान दुखत असेल तर भूलतज्ज्ञांना जरूर सांगा.

आणि बोटांतल्या अंगठ्या आधीच काढा. सुजलेल्या सांध्यावरून निघत नसेल तर सोनाराकडून कापून घ्या.