लाल मुठीचं गणित

छोट्या पिस्टन विमानात थ्रॉटलशेजारी, म्हणजे ताकद कमी-जास्त करायच्या दांड्याशेजारी, एक लाल मूठ असते. तिचं नाव मिक्स्चर. आत ढकलली की इंजिनाला इंधन जास्त, बाहेर ओढली की कमी. मोटारीत हे काम संगणक करतो, पण बहुतेक छोट्या विमानांत ते आजही वैमानिकाच्या हातात आहे.

गरज पडते ती उंचीमुळे. १०,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊणपट उरते. सिलिंडर तेवढाच भरतो, पण आतली हवा वजनाने कमी. इंधन मात्र त्या मानाने घटत नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १५ किलो हवा लागते. ती मिळाली नाही की इंधन वाया जातं आणि स्पार्क प्लगवर काजळी धरते.

मग मूठ ओढायची किती? एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा पाहत ती हळूहळू ओढली, तर काटा चढत जातो, एका शिखराला पोचतो आणि उतरू लागतो. शिखराच्या अलीकडे इंधन जास्त असतं, पलीकडे हवा जास्त. पलीकडे गेलं की इंजिन जळतं, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मला ती अर्धीच खरी वाटते. पूर्ण ताकद लावलेली असताना मिश्रण विरळ केलं, म्हणजे त्यातलं इंधन कमी केलं, तर सिलिंडरमध्ये स्फोटक ज्वलन होऊन पिस्टन फुटू शकतो; म्हणूनच समुद्रसपाटीजवळून उड्डाण घेताना मूठ पूर्ण आत असते. पण वर स्थिर उड्डाणात ताकद कमी केल्यावर तो धोका उरत नाही. तिथे अडचण वेगळीच येते. सगळ्या सिलिंडरांना सारखं मिश्रण पोचत नाही, सर्वांत विरळ मिळालेला आधी ढेपाळतो आणि इंजिन थरथरू लागतं. अशा वेळी थरथर थांबेपर्यंत मूठ जराशी आत सरकवायची.

१९४४ मध्ये दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक आघाडीवर नामवंत अमेरिकी वैमानिक चार्ल्स लिंडबर्गने पी-३८ लढाऊ विमानांच्या वैमानिकांना हेच शिकवलं: इंजिनाचे फेरे कमी, मॅनिफोल्ड दाब (सिलिंडरांत जाणाऱ्या हवेचा दाब) जास्त, मिश्रण विरळ. इंजिनं खराब होतील असं त्यांना वाटत होतं. पण त्यांच्याच मोहिमांवरून तो परतायचा तेव्हा त्याच्या टाकीत इंधन जास्त उरलेलं असायचं. विमानांचा पल्ला शेकडो मैलांनी वाढला.

उतरल्यावर इंजिन बंद करतात तेही याच मुठीने. ती पूर्ण बाहेर ओढताना फेऱ्यांच्या काट्याकडे नीट पाहावं. मंद चालीत मिश्रण मुद्दाम थोडं दाट ठेवलेलं असतं. इंधन तुटत जाताना क्षणभर प्रमाण अचूक जुळतं, काटा थोडासा वर उचलतो, आणि मग पंखा थांबतो.