दहा वर्षं झाली म्हणून इम्प्लांट बदलायचं?

स्तनांत ऑपरेशनने बसवलेलं इम्प्लांट दर १० वर्षांनी बदलावंच लागतं, हे इतकं फिरलंय की बायका वर्षं मोजत बसतात. अशी मुदत ठरलेलीच नाही. तारीख उलटली की नासायला ती काय दुधाची पिशवी आहे? मात्र जन्मभर टिकेल याचीही हमी नाही. वर्षं सरतात तसा फाटण्याचा धोका वाढतो.

सलाइनचं, म्हणजे मिठाच्या पाण्याने भरलेलं, फुटलं तर स्तन बसतो, लगेच कळतं. सिलिकॉन जेलचं लबाड: फाटलं तरी आकार बहुधा तसाच, दुखतही नाही. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये सांगितलं, की त्रास नसला तरी ५-६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करा, मग दर २-३ वर्षांनी.

फाटलं, भोवती शरीराने तयार केलेलं आवरण कडक होऊन दुखू लागलं, किंवा वर्षांनुवर्षांनी एकाच बाजूला सूज आली, तर डॉक्टर गाठायचेच. २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने परत मागवलेली खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांटसुद्धा, लक्षणं नसतील तर सरसकट काढा, असं एफडीएने म्हटलेलं नाही.

आणि काढलं म्हणजे नवं घालायलाच हवं, हेही खोटं. फक्त ताणलेली कातडी सैल पडते. ती उचलून घ्यायची का, हे ऑपरेशनआधीच सर्जनला विचारा.