विमानातील धोकादायक माल : पॅकिंग आणि बांधणी

आग, स्फोट, विषबाधा, गंज किंवा किरणोत्सर्ग यांमुळे विमानाला आणि त्यातल्या माणसांना अपाय करू शकणारा माल ठरलेल्या नियमांनी बंदिस्त करून, खुणा लावून, विमानात जखडून नेण्याची पद्धत. मालवाहतुकीतली माणसे अशा मालाला नुसते ‘डीजी’ (डेंजरस गुड्स) म्हणतात.

या मालाचे 9 वर्ग आहेत आणि प्रत्येक पदार्थाला चार अंकी यूएन (संयुक्त राष्ट्रांचा) क्रमांक आहे. रंगाचा 1263, ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, 1845, सुट्या (उपकरणाशिवाय पाठवलेल्या) लिथियम-आयन बॅटरीचा 3480. आपल्या स्वयंपाकघरातले सुके खोबरेही या यादीत 1363 क्रमांकावर आहे, कारण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या हवाई वाहतूक संस्थेच्या तांत्रिक सूचना आणि आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेची दरवर्षी नवी निघणारी नियमपुस्तिका हे या कामाचे आधार. भारतात 2003 मध्ये यासाठी वेगळे नियम आले; देखरेख डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक नियामकाची.

मराठवाड्यात हा विषय मुख्यतः वाळूज, शेंद्रा आणि चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींचा. औषधे आणि गाड्यांचे सुटे भाग इथे तयार होतात. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्याचा विमानतळ आहे, तरी परदेशी जाणारा बराच माल ट्रकने मुंबई गाठतो आणि तिथून उडतो. खोका बंद होतो तो मात्र वाळूजमध्येच. त्यानंतर आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. ट्रकवाला, लोडर, वैमानिक, सगळे बाहेरच्या लेबलावर विसंबून असतात. म्हणून या साखळीत सर्वांत मोठी जबाबदारी पॅकिंग करणाऱ्याची आहे.

औषधाचे नमुने थंड ठेवण्यासाठी थर्माकोलच्या पेटीत ड्राय आइस भरतात. तो उणे 78 अंशांवर थेट वायू होतो आणि एका किलोतून पाचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. पेटीची प्रत्येक फट खाकी टेपने घट्ट बंद करायची हाताची सवय इथे घातक ठरते : वायूला वाट मिळाली नाही तर पेटी फुटते. झाकणाची फट मोकळी ठेवायची आणि बाहेरच्या खोक्यावर वर्ग 9 (इतर धोकादायक माल) चे लेबल, यूएन 1845 आणि ड्राय आइसचे निव्वळ वजन किलोत लिहायचे.

द्रवाची अडचण वेगळी. उंचीवर हवेचा दाब घटतो आणि जमिनीवर नीट बसलेले बूच झिरपू लागते. म्हणून डबा काठोकाठ भरत नाहीत, बूच वेगळे पक्के करतात, भोवती द्रव शोषणारे साहित्य घालतात आणि खोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर उभे बाण लावतात. शोषक कोणता, हेही तितकेच महत्त्वाचे. 1973 मध्ये बॉस्टनजवळ पॅन अ‍ॅमचे मालवाहू विमान कोसळून तिघे गेले. त्यात नायट्रिक आम्लाच्या बाटल्यांभोवती लाकडाचा भुसा भरला होता. गळलेले आम्ल भुशाला भिडले आणि कॉकपिट धुराने भरले.

विमानात चढवताना खोका हलणार नाही आणि बाणांची दिशा बदलणार नाही असा तो बांधतात. मोठ्या विमानात पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या सपाट पाटावर, जाळी आणि पट्टे आवळून पॅलेट जमिनीवरच्या कुलुपांत अडकवतात; लहान विमानात सुटा माल रचून कप्प्याची जाळी लावतात. गळका किंवा चेपलेला खोका चढवत नाहीत. एकमेकांशी अभिक्रिया करणारे पदार्थ दूर ठेवतात, किरणोत्सारी माल प्रवाशांपासून ठराविक अंतरावर. कोणता माल कुठे ठेवला, हे उड्डाणापूर्वी वैमानिकाला लेखी कळवावे लागते.

2010 मध्ये दुबईजवळ यूपीएसचे मालवाहू विमान पेटून दोन वैमानिक मरण पावले. त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. 1 एप्रिल 2016 पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. मालवाहू विमानात त्यांचा चार्ज 30 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. प्रवाशाची पॉवर बँकही याच कारणाने चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या सामानातच ठेवावी लागते.

11 मे 1996 रोजी मायामीहून निघालेले व्हॅल्यूजेटचे विमान होल्डमधल्या (सामानाच्या कप्प्यातल्या) आगीने दलदलीत कोसळले आणि त्यातले सर्व 110 जण मरण पावले. होल्डमध्ये रासायनिक ऑक्सिजन जनित्रे होती, म्हणजे आणीबाणीत प्रवाशांना ऑक्सिजन पुरवणारी आणि सुरू झाल्यावर खूप तापणारी उपकरणे. त्यांना सुरक्षा टोप्या लावलेल्या नव्हत्या आणि सोबतच्या कागदावर ती ‘रिकामी’ असल्याची चुकीची नोंद होती.