उंच गाडी म्हणजे फोर बाय फोर नव्हे

नामिबियात भाड्याची गाडी ठरवताना हमखास गल्लत होते ती उंच गाडी आणि फोर बाय फोर यांच्यात. आपल्याकडच्या फॉर्च्युनरप्रमाणेच तिकडची टोयोटा हायलक्सही दोन्ही प्रकारांत मिळते आणि कडेला उभी असताना सारखीच उंच दिसते. म्हणून चाव्या हातात घेण्यापूर्वी आत वाकून गिअरजवळ पाहावे. टू-एच (ताकद दोनच चाकांना), फोर-एच (चारही चाकांना) आणि फोर-एल (चारही चाकांना, संथ पण जास्त जोराने) अशा खुणांची खटकी किंवा दांडा नसेल, तर गाडी बहुधा नुसतीच उंच आहे.

उंचीमुळे गाडीचे पोट दगडांपासून आणि चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यापासून वाचते. फोर बाय फोरमध्ये इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, आणि तिची खरी गरज वाळूत व चिखलात लागते. नामिब वाळवंटातल्या सोसुसव्लेईला हा फरक डोळ्यांनी दिसतो. तिथल्या उद्यानाच्या सेस्रिम फाटकापासून सुमारे ६० किलोमीटर डांबरी रस्ता आहे, तिथवर छोटी मोटारही आरामात जाते. पुढच्या जेमतेम पाच किलोमीटरच्या भुसभुशीत वाळूत मात्र नुसती उंच गाडी आसापर्यंत रुतते. फोर बाय फोरवाल्यांनीही टायरमधली हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवून, ब्रेक न मारता, एका लयीत जावे आणि डांबरावर परतताच हवा पुन्हा भरावी. हे जमणारे नसेल, तर वाहनतळावरून प्रवासी नेणारी गाडी मिळते. तिच्यात बसण्यात कसलाही कमीपणा नाही.

खडीच्या रस्त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि नामिबियातले बहुतेक रस्ते खडीचेच आहेत. पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्यांवर फोर-एचमध्ये पकड थोडी सुधारते, पण ब्रेक दाबल्यावर गाडी लवकर थांबते असे मुळीच नाही. चाक कडेच्या सैल खडीत गेले, घाबरून स्टिअरिंग झटक्यात फिरवले, की गाडी उलटते. एरवी उपयोगी पडणारी उंची इथे मुळावर येते आणि टपावर तंबू असेल तर अधिकच. कायद्याने ताशी १०० किलोमीटरची मुभा असली, तरी अनेक भाडेकरार खडीवर ८० चीच मर्यादा घालतात. दुसऱ्या वाहनाशी टक्कर न होता गाडी उलटली, तर विमा लागू होतो का, हे करारात आधीच वाचावे.

विंडहूक, सेस्रिम, स्वाकोपमुंड, इटोशा एवढाच फेरा असेल, तर कोरड्या हंगामात उंच टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे दोनच चाकांना ताकद देणारी गाडी, पुरते. वाचलेल्या पैशांत मी दुसरी स्टेपनी घेईन. बोत्स्वानातल्या मोरेमी-सावुती मार्गावर मात्र मैलोन् मैल वाळू असल्याने फोर बाय फोरला पर्याय नाही, आणि तिथे जॅकखाली ठेवायला एक जाड फळीही बरोबर असावी, नाहीतर जॅकच वाळूत खचतो.